एक-शून्यचा दादाराव

दादाराव, तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. माईक हातात आला की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. माझ्या आधी सहा जण बोलून गेले होते. एकाने तुझी जन्मतारीख सांगितली, एकाने पाटबंधारे खात्यातली तुझी नोकरी सांगितली आणि एकाने तर तुला क्रीडाक्षेत्रातला वटवृक्ष केलं. तुझी उंची पाच फूट तीन. मला हसू आलं, आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणून मी उजवीकडे वळलो, तर तिथे तुझा भाचा बसलेला. मग माझी पाळी आली. मी म्हणालो, "दादारावचा संघ एक-शून्यने जिंकायचा," आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, शिवलिंग सरांचा गळा दाटला. पण थांबलो त्याचं कारण वेगळं होतं. त्या मांडवात सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. होतं ते आपलं भांडण, आणि तेही अर्धं राहिलेलं.

तुला सगळं नांदेड एक-शून्यचा दादाराव म्हणायचं आणि तुला ते मनापासून आवडायचं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत कुठून तरी एक गोल ढकलायचा, आणि मग उरलेला सगळा वेळ दाराला कडी लावून आत बसायचं, हा तुझा खेळ. प्रेक्षक जांभया द्यायचे. समोरच्या संघाचे कोच तुझ्या नावाने बोटं मोडायचे. हॉकीतून ऑफसाइडचा नियम गेला तेव्हा तू आठवडाभर घरात कुणी गेल्यासारखा वागत होतास. आता फॉरवर्ड लोक आपल्या गोलजवळ खाटा टाकून झोपतील, असं तू मला सांगितलं होतंस. रिटायर झाल्यावर आपण दोघांनी मुलींचा संघ हाती घेतला तेव्हा मला वाटलं, आता तरी हा माणूस जरा सैल होईल. कसलं काय. पहिल्याच दिवशी तू त्या मुलींना स्टिक खाली ठेवायला लावलीस आणि तासभर नुसतं मागे पळायला शिकवलंस.

आणि ते चिंचोके. मैदानाच्या कडेला चिंचेचं झाड, त्याखाली आपला कट्टा. सामना सुरू होण्याआधी तू मूठभर चिंचोके वेचून पँटच्या डाव्या खिशात टाकायचास आणि मनात एक मुलगी धरायचास. कोणती, ते मलासुद्धा सांगायचं नाही. आपल्याकडून चेंडू गेला आणि ती मुलगी मधली रेषा ओलांडून मागे धावत आली, की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. सामना संपला की उजवा खिसा कट्ट्यावर रिकामा करायचा आणि मग नाव सांगायचं. गोल कुणी केला, हे तू कधी विचारलं नाहीस. आज सरांची नजर कुणावर आहे ते कळत नसल्यामुळे सगळ्याच पोरी जीव तोडून मागे पळायच्या. मी तुला चिडवायचो, की पुढे पळणारीसाठी तुझ्याकडे खिसा कुठे आहे? तू म्हणायचास, "पँटीला दोनच असतेत, शिवाप्पा."

अशात ती अंबिका आली. चाकूरजवळच्या एका खेड्यातली पोर, खेळते लातूरच्या संघाकडून. दिवाळीनंतर आपला त्यांच्याशी सामना झाला आणि तिने आपल्यावर दोन गोल ठेवले. कसे केले ते तुझ्या लक्षात आहे. ती गोलसमोरच्या डीच्या तोंडाशी नुसती उभी होती, भाजीच्या रांगेत उभी राहावी तशी. चेंडू आला, तिची पाठ गोलकडे, आणि आपली गोलकीपर हलण्याआधी चेंडू आत. दुसरा त्याहून बेकार. आपल्या प्रज्ञाने, म्हणजे आपल्या कप्तानाने, तिला धरून ठेवली होती, तरी तिने उलट्या स्टिकने मारला. मी कट्ट्यावरून उठून टाळ्या वाजवल्या, आपल्याच संघाविरुद्ध. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी हात खिशात घातले.

महिन्याभरापूर्वी तिचा निरोप आला. तिला नांदेडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि तिला आपल्या संघात खेळायचं होतं. मला घबाड मिळाल्यासारखं झालं. वर्षानुवर्षं आपण एक-शून्य, एक-शून्य करत उपांत्य फेरीपर्यंत जातो आणि तिथे आपल्यावर एक गोल झाला की परत फेडायला आपल्याकडे कुणी नसतं. आता होती. मी त्याच दिवशी तिला संघात घेण्याचा अर्ज लिहायला घेतला. तू चहाचा कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "ती आपल्यात बसायची न्हाई."

मग तीन आठवडे आपण भांडलो. रोज सराव संपला, पोरी सायकली काढून गेल्या, की कट्ट्यावर सुरू. तू म्हणायचास की तिचा चेंडू गेला की ती कमरेवर हात ठेवून उभी राहते. मी म्हणायचो, मग राहू दे, मागे दहा जणी आहेत. तू म्हणायचास, आपला संघ चांगला नाही, आपल्या पोरी तर साध्याच आहेत. त्या जिंकतात कारण त्यातली एकही उभी राहत नाही, आणि एक उभी राहिली की दुसरीला वाटणार, मीच का पळू? हे तुझं बोलणं बरोबर होतं. मी ते तेव्हा कबूल केलं नाही. मी म्हणायचो, विहिरीला पाणी लागलंय आणि तू रहाट नको म्हणतोस. तू म्हणायचास, "रहाट न्हाई, शिवाप्पा, ते कारंजं हाय. बघायला लई बेस." या वाक्यावर तू स्वतःच खूश झालास, दोन दिवस तेच बोलत होतास.

पण आपण दोघंही अंबिकाबद्दल बोलत नव्हतो, हे तुलाही कळत होतं. तिच्या वयाचा मी होतो तेव्हा मीही लातूरचा सेंटर फॉरवर्ड होतो. माझे गोल बघायला लोक पिशव्या हातात धरून रस्त्यावर थांबायचे. तू नांदेडच्या संघाचा कप्तान, बचावातला फुल बॅक. मला तुझ्या संघात घ्यायला तू स्वतः लातूरला आलास, आमच्या आडत दुकानावर. बाबा गादीवर बसले होते. तू पायरीवर बसलास. बाबांनी चहा मागवला आणि तुझा चहा बाहेरच्या कोनाड्यातल्या कपात आला. तो कप कुणासाठी असतो, ते मला माहीत होतं. तुलाही कळलं. तू चहा पूर्ण प्यालास, नळावर जाऊन कप स्वतः विसळलास, पालथा ठेवलास आणि बाबांना म्हणालास, "पोराला माझ्याकडं द्या. सांभाळीन."

दादाराव, त्या कपाबद्दल मी तुझ्याशी एवढ्या वर्षांत एक शब्द बोललो नाही. मी नांदेडला आलो तेव्हा पहिले चार महिने तुमच्या घरी राहिलो. तुझ्या आईने माझ्यासाठी बाजारातून नवं पातेलं आणलं, माझी भाजी वेगळी शिजवली, म्हणाली, मटणाच्या भांड्यातलं या लेकराला चालायचं न्हाई. आमच्याकडचं वेगळं भांडं आणि तुमच्याकडचं वेगळं भांडं, यातला फरक समजायला शहाण्या माणसाला वेळ लागत नाही. मला समजला होता. लाज वाटली म्हणून मी बोललो नाही, आणि नंतर फार उशीर झाला म्हणून बोललो नाही. आता लिहितोय. माझं चुकलं. त्या दिवशी मी तुझ्या शेजारी पायरीवर येऊन बसायला हवं होतं.

एवढं गिळून तू एक गोल करणारा आणलास, आणि आणल्यावर त्याला मागे पळवलंस, हे कोडं मला कधी सुटलं नाही. मी शिकलो. तुझ्या शब्दाखातर शिकलो. वर्षभरात मी असा मागे यायला लागलो की लोक मला फॉरवर्ड समजेनात. मग त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेचा उपांत्य सामना. राज्याच्या संघासाठी पोरं बघायला निवड समितीचे एक गृहस्थ आले होते आणि कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की लातूरचा एक पोरगा बघा. सामना आपण जिंकलो, तुझ्याच पद्धतीने, एक-शून्य. शेवटच्या मिनिटाला गोलकीपर पडला असताना गोलरेषेवरून चेंडू कुणी काढला? मी. तू धावत येऊन मला उचललंस. तो एकच दिवस तू मला उचललंस. आणि ते गृहस्थ जाताना तुला विचारत होते, तो लातूरचा फॉरवर्ड आज खेळला नाही का?

मी पुढे शाळेत क्रीडाशिक्षक झालो, चांगलं चाललं, तक्रार नाही. पण ते वाक्य मी ऐकलं होतं आणि ते माझ्या अंगात राहिलं. म्हणून त्या शेवटच्या रविवारी, तू सातव्यांदा की आठव्यांदा म्हणालास की पोर चांगली आहे पण मागे यायला शिकवावी लागेल, तेव्हा मी म्हणालो, "शिकव. मला मारलंस तसं तिलाही मार."

तू कट्ट्यावर सांडलेले चिंचोके एक एक उचलून खिशात घातलेस, स्कूटरला किक मारलीस आणि गेलास. तू उत्तर दिलं असतंस तर आपण भांडलो असतो, आणि भांडलो असतो तर सकाळी चहाला भेटलो असतो. तुझ्याशी भांडायची मला सवय होती. तुझ्या गप्प बसण्याची नव्हती.

सोमवारी तू मैदानावर आला नाहीस. सराव मी एकट्यानेच घेतला. मला वाटलं, रुसला आहे, रुसू दे. दिवेलागणीला तुझी स्कूटर माझ्या फाटकाशी थांबली आणि दोनदा हॉर्न वाजला. तू नेहमी तीनदा वाजवतोस. मी आत खुर्चीत बसलो होतो, पेपर समोर धरून. ठरवलं, तिसरा वाजला की उठायचं. तुझ्याकडून एक हॉर्न जास्त यावा, एवढीच माझी इच्छा होती. तिसरा आला नाही. स्कूटर वळल्याचा आवाज आला. मंगळवारी सकाळी तुझ्या मुलाचा फोन आला.

त्या हॉर्नबद्दल मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार? सौभाग्यवती वर्षातले नऊ महिने पुण्याला लेकीकडे असते, नातवाला सांभाळायला. तिने मला किती वेळा म्हटलं, तुम्ही पण या, तिथे एकटं काय करून राहिले? मी म्हणायचो, संघ आहे. संघ कुठला आलाय. मी नांदेडमध्ये संध्याकाळच्या त्या दोन तासांसाठी राहिलो होतो, आणि त्यातलाही खेळ कमी, तुझी कटकट जास्त. आता संध्याकाळी कट्ट्यावर बसलो की चहावाला विचारतो, एकच का? मी रोज हो म्हणतो, आणि तो रोज विचारतो.

तुझ्या कार्यक्रमाच्या दिवशी जेवणं उरकली, लोक पांगले, तेव्हा फाटकाशी पांढरा ड्रेस घातलेली एक मुलगी आईबरोबर उभी दिसली. मी ओळखलं नाही. मैदानाबाहेर फॉरवर्ड लोक फार लहान दिसतात. ती अंबिका होती. चाकूरहून सकाळच्या बसने आली होती. म्हणाली, सर गेले ते पेपरात वाचलं. मी म्हटलं, तू सरांना कुठे ओळखत होतीस? त्यावर तिने जे सांगितलं ते ऐकून मी मांडवातल्या खुर्चीवर बसलो.

सोमवारी तू लातूरला गेला होतास. सकाळची बस धरून, मला न सांगता. त्यांचा आपसातला सामना चालू होता आणि तू मैदानाच्या बांधावर बसून तो पूर्ण पाहिलास. तिला वाटलं, कुणाचे तरी आजोबा असतील. सामना संपल्यावर तू तिला बोलावलंस, आधी पाणी पी म्हणालास, मग नाव सांगितलंस. ती घाबरली. तरी तिने धीर करून विचारलं, की सर, मी मागं यायला शिकले तर मला घ्याल का?

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणले, लातूरचाच एक व्हता आमच्यात. लई गोल करायचा. त्यो मागं यायला लगेच शिकला." ती थांबली, आईकडे पाहिलं. "म्हणले, त्याला परत फुडं पाठवायचं मीच इसरलो."

तिने विचारलं, "त्यो कोण व्हता, सर?" मी म्हटलं, "होता एक." आणि तिला जेवून जा म्हणालो.

दादाराव, आधी मला तुझा संताप आला. खरं सांगतो. लातूरपर्यंत जाऊन तू हे एका पोरीला सांगितलंस, आणि माझं घर तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. एवढी वर्षं आपण रोज शेजारी बसलो, वांग्याच्या भाजीपासून सरकारपर्यंत सगळ्यावर बोललो, आणि हे सांगायला तुला बांधावरची अनोळखी पोर लागली. मग सोमवारची दिवेलागण आठवली. तू सांगायला आला होतास. मी आत पेपर धरून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. मला एक गोष्ट हवी होती. तू लातूरला सामना पाहिलास म्हणजे खिशात चिंचोके असणारच, आणि त्या दिवशी तुझ्या मनात धरलेली मुलगी कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. उजव्या खिशात किती निघाले, तेवढं कळलं की तुझा निकाल कळला असता. स्पर्धेची यादी चार दिवसांत द्यायची होती. एक जागा मी कोरी ठेवली होती.

वहिनींनी मला बसवलं. सोमवारचे कपडे कुठे आहेत विचारलं, तर म्हणाल्या, ते तर धुतले, मंगळवारी सकाळीच भिजवले होते, तुला तेव्हा चहा देऊन त्या मोरीवर गेल्या होत्या. मी विचारलं, आणि खिशातलं? त्या उठल्या, स्वयंपाकघरातून बिस्किटांचा एक गोल डबा घेऊन आल्या आणि माझ्या पुढ्यात ठेवला. आत चिंचोके, सगळे एकत्र.

"वेगळे नव्हते ठेवले?" मी विचारलं.

"वेगळे कामून ठिवू, भाऊजी? चिंचोके ते चिंचोके." त्यांनी डब्यात हात घालून ते सारखे केले. "लई भरले व्हते त्या दिवशी. पँटीच्या दोन्ही खिशांत, आन् शर्टाच्या खिशात बी. शर्टाच्या कामून घातले काय म्हाईत. चष्मा हातात धरून आले व्हते."

मी दोनदा विचारलं. हाव, शर्टाच्या, त्या म्हणाल्या. डाव्या बाजूच्या, चष्मा असतो त्याच.

त्यांना काय सांगू? त्यांनी तुझा शेवटचा सामना एका डब्यात ओतून टाकला होता, आणि त्यांचा त्यात काही दोष नव्हता. पन्नास वर्षं त्यांनी तुझ्या खिशांतून चिंचोके काढले, कधी चुलीत टाकले, कधी भाजून नातवंडांना दिले. ते काय मोजतात ते तू त्यांना सांगितलं नव्हतंस. मीही सांगितलं नाही. डबा मागून घेतला. अंबिका किती वेळा मागे आली, किती वेळा उभी राहिली, ते आता या जगात कुणाला कळणार नाही. पण पुढे पळणारीसाठी तू शर्टाचा खिसा वापरलास. माझ्या समोर कधी वापरला नाहीस, पण वापरलास. चष्मा हातात धरून तू लातूरहून बसने आलास, त्या खिशातले सांडू नयेत म्हणून.

मी घरी येऊन कोऱ्या जागेत तिचं नाव लिहिलं. सोपं नाही गेलं. प्रज्ञाने कट्ट्याशी येऊन सरळ विचारलं. तूच तिला सरळ विचारायला शिकवलंस. "सर, ती फुडं हुबी राहनार, आन् आमी सगळ्या तिच्या वाटचं पळनार का?" पोरी मागे उभ्या होत्या. मी तीन आठवडे ज्याचं उत्तर तुला देत होतो तोच हा प्रश्न, पण तुझ्यापुढे मला शब्द सुचायचे. तू चुकीचा आहेस हे मी छातीठोक सांगू शकत होतो, कारण तू समोर होतास. पोरीपुढे मी नुसतं म्हटलं, बघू. तू असतास तर म्हणाला असतास, शिवाप्पा, 'बघू' म्हणजे कोच न्हाई, तहसीलदार झालास.

काल तिचा पहिला सराव झाला. डब्यातले मूठभर चिंचोके मी डाव्या खिशात घालून गेलो होतो. दोन संघ पाडले, शिटी वाजवली. अंबिका तशीच, डीच्या तोंडाशी, रांगेत उभी. पहिला चेंडू तिच्याकडे आला, प्रज्ञाने तो काढून घेतला आणि सुटली. अंबिका कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या बाजूच्या पोरी मागे धावत होत्या, चार जणींना अडवायला सात जणी, आणि त्यांच्यातली एक, धाकटी, धावता धावता वळून अंबिकाकडे पाहत होती. तिचा वेग कमी झाला. तू जे सांगत होतास ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं.

"मागं ये!" कुणीतरी ओरडलं.

सगळ्या पोरींनी चिंचेकडे पाहिलं. आवाज तुझा होता, 'ये' ओढून म्हणायची तुझीच तऱ्हा, पण तोंड माझं होतं. एवढी वर्षं मी ज्या दोन शब्दांना शिव्या दिल्या ते माझ्याच तोंडून निघाले होते. अंबिका दचकली आणि पळाली. मन लावून पळाली, मधली रेषा ओलांडून, पार आपल्या डीपर्यंत. तिथे चेंडू सुटला, कुणीतरी लांब मारला, आणि पुढे, तिकडच्या अर्ध्या मैदानात, कुणीही नव्हतं. नुसता मुरूम आणि ऊन. चेंडू एकटाच घरंगळत गेला.

मी तसं रिकामं मैदान आधी पाहिलं होतं, आपल्या डीमधून, त्या उपांत्य सामन्यात. आता कट्ट्यावरून पाहत होतो. आणि सवयीने मी उजवीकडे वळलो, तुला म्हणायला की बघ, बघ काय होतं ते. कट्ट्यावर माझी पिशवी होती. तुझं सांगणं होतं तेही आता मलाच सांगायचं आहे, आणि त्याला विरोध करायचा तोही मलाच, हे मला तिथे कळलं. भांडणसुद्धा एकट्याच्या वाट्याला आलं, दादाराव. असं व्हायला नको होतं.

अंबिका डीमध्ये वाकून धापा टाकत होती, माझ्याकडे पाहत, बरोबर केलं का म्हणून. तिच्या वयाचा असताना मीही असाच वाकून तुझ्याकडे पाहिलं होतं. तू तेव्हा काही बोलला नव्हतास.

"आता फुडं जा," मी ओरडलो. "फुडं जा, पोरी."

ती गेली. मी हात खिशात घातला, एक चिंचोका काढला, चष्मा काढून पिशवीवर ठेवला आणि चिंचोका शर्टाच्या खिशात टाकला.